टिंब आणि डाग

वाचकहो, या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहिते. एखादी म्हण कुठून आली, आजीच्या काळी एखाद्या शब्दाचा अर्थ काय होता आणि नातीच्या काळी तो काय झाला, असल्या निरुपद्रवी चौकशा करणे हा माझा धंदा. दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असे संपादकांनी बजावले, तेव्हा फराळाच्या पदार्थांच्या नावांवर लिहायचे ठरवून मी टिपणेही काढली होती. पण मध्येच माझी भाची चार दिवस राहायला आली, आणि चकली-कडबोळ्यांची कुळकथा बाजूला राहून माझ्यावर पेशीतल्या डीएनएविषयी लिहिण्याची पाळी आली. मराठीची प्राध्यापिका त्यातले काय सांगणार, अशी शंका आपल्याला येईल. ती मलाही आली होती. पण ही हकिगत शेवटी एका टिंबापाशी येऊन थांबते, आणि टिंब हा माझ्या हद्दीतला विषय आहे.

भाची पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम करते. आली ती चेहरा उतरवूनच. माझी आई, म्हणजे तिची आजी, आमच्याकडेच असते. "पोरगी किती वाळली गं!" असे म्हणत आईने तिच्या पानात दुसरी पोळी वाढली, पण पहिलीच अजून तशीच होती. रात्री चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करीत आम्ही दोघी बसलो, तेव्हा कुठे ती बोलती झाली.

"मावशी, माझं आठ महिन्यांचं काम फुकट गेलं."

"म्हणजे गं?"

"ज्या खुणा मी मोजत होते ना, त्या खुणा नव्हत्याच."

कसल्या खुणा, ते मला कळेना. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली आणि मला पहिलीच्या वर्गात बसवले.

तिने सांगितले ते असे. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत दोन ग्रंथ असतात. एक मोठा, पेशीच्या मधोमध केंद्रकात ठेवलेला. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. या अक्षरांच्या जोड्या लागतात. एका धाग्यावर ए असेल तर समोरच्या धाग्यावर टी, आणि जी असेल तर सी. अशा सुमारे ३०० कोटी जोड्यांचा हा ग्रंथ तेवीस खंडांत बांधलेला आहे. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून, म्हणून गुणसूत्रे एकूण ४६. एका पेशीतला हा सगळा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून एवढ्याशा केंद्रकात बसवलेला असतो. प्रथिने कशी घडवायची हे सांगणारी जनुके त्यात वीस हजारांच्या आसपास. पण तो मजकूर साऱ्या ग्रंथाच्या शेकडा दीड-दोन इतकाच.

दुसरा ग्रंथ म्हणजे लहानशी वही. ती केंद्रकात नसते; तंतुकणिकांत असते. तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या चुली. खाल्लेल्या अन्नातून कामापुरती ऊर्जा काढण्याचे काम त्यांचे. या वहीत अक्षरांच्या जोड्या १६,५६९, आणि तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली. म्हणजे धागा बांगडीसारखा गोल. त्यात जनुके ३७. त्यांतली १३ प्रथिनांची, उरलेली २४ ती प्रथिने घडवण्याच्या यंत्रणेची. मोठ्या ग्रंथासारखी कोरी वाटणारी पाने इथे जवळजवळ नाहीतच. शिवाय मोठ्या ग्रंथाच्या दोनच प्रती, तर या वहीच्या एकेका पेशीत शेकडो, कधी हजारो प्रती असतात.

"आणि मावशी, ही वही फक्त आईकडून मिळते. वडिलांची पुढे येत नाही. म्हणजे आजीची, तुझी, माझ्या आईची आणि माझी वही एकच."

"आणि माझ्या चिरंजीवांची?"

"त्याच्याकडेही हीच आहे. पण तो ती पुढे देणार नाही."

आई पलीकडच्या खाटेवर पडून ऐकत होती. "चूल आईकडूनच येते, हे मी न शिकताही सांगितलं असतं," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

ही वही अशी वेगळी का, याचेही उत्तर भाचीने दिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तंतुकणिका हे स्वतंत्र जिवाणू होते. ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच नांदू लागले. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने १९६७ साली ही कल्पना नव्याने आणि नेटाने मांडली, तेव्हा तिचा निबंध आधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आता ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आहे. जिवाणूंचा डीएनएही बहुधा गोलच असतो. सासरी आलेल्या मुलीने माहेरची एक वही जवळ ठेवावी, तशी तंतुकणिकांनी आपली वही ठेवली. बाकीचा बहुतेक मजकूर मात्र त्यांनी केव्हाच सासरच्या मोठ्या ग्रंथाच्या स्वाधीन केला. तंतुकणिकेला लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांपैकी १३ सोडली तर बाकी सगळ्यांची कृती आज केंद्रकात आहे.

दोन्ही ग्रंथांची अक्षरे तीच चार, पण त्यांचे प्रमाण वेगळे. मोठ्या ग्रंथात जी आणि सी मिळून शेकडा ४१ च्या आसपास. वहीत शेकडा ४४. हा फरक थोडाच. खरा फरक दोन धाग्यांच्या वाटणीत आहे. मोठ्या ग्रंथात दोन्ही धाग्यांवर ही अक्षरे साधारण सारखी विभागलेली असतात. वहीत तसे नाही. तिच्या एका धाग्यावर ए ५,१२४, सी ५,१८१, टी ४,०९४ आणि जी फक्त २,१६९. अर्थात समोरच्या धाग्यावर जी भरपूर आणि सी कमी. जी हे अक्षर वजनाने भारी, म्हणून शास्त्रज्ञ त्या दुसऱ्या धाग्याला सरळ 'जड धागा' म्हणतात आणि पहिल्याला 'हलका'. मी मनातल्या मनात बेरीज केली. १६,५६८ आली.

"अगं, एक कमी पडतं."

भाची पहिल्यांदा हसली. "तू बेरीज केलीस! त्या एकाची गोष्ट नंतर सांगते. आधी खुणा."

आता तिच्या खुणांविषयी. माझ्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मोठा ग्रंथ अक्षरशः एकच. मग डोळा यकृताची पाने का वाचीत नाही? याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक असे, की काही अक्षरांवर खुणा केलेल्या असतात. सी या अक्षरावर एक कर्ब आणि तीन हायड्रोजन यांचा इवलासा पुंजका चिकटतो. त्याला म्हणतात मिथिल गट. अक्षर तेच राहते, त्याची जोडी तीच राहते. फक्त डोक्यावर एक टिंब चढते. सी च्या लगेच पुढे जी असेल, तिथेच ही टिंबे मुख्यतः दिसतात, आणि माणसाच्या मोठ्या ग्रंथात अशा जागांपैकी शेकडा ७० ते ८० जागांवर ती असतात. जनुकाच्या आरंभी टिंबांची गर्दी झाली, की ते पान बहुधा मिटलेलेच राहते. पेशी दुभंगते तेव्हा नव्या प्रतीवरही ती टिंबे जिथल्या तिथे उमटवणारी विकरे असतात. असे टिंब असलेले सी वासराच्या ग्रंथीतल्या डीएनएत रोलिन हॉचकिस यांना १९४८ सालीच दिसले होते.

हे ऐकताना माझे कान टवकारले. वाचकहो, आपल्या भाषेत टिंबाचे महत्त्व मी काय सांगावे! जुन्या मराठीत 'ते' म्हणजे ते पुरुष आणि 'तें' म्हणजे ते मूल. 'ती म्हणते' आणि 'मी म्हणतें' यांत बोलणारी बाई बदलते, ती एका टिंबाने. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेली ही टिंबे गळाली. पण जुन्या हस्तलिखितांत डोक्यावरचे टिंब पाहिल्यावाचून अर्थ लावता येत नाही.

"अगदी तसंच," भाची म्हणाली. "आता प्रश्न असा, की मोठ्या ग्रंथात टिंबं आहेत, पण आईकडून आलेल्या वहीत ती आहेत का?"

या प्रश्नावर पन्नास वर्षे वाद चालला आहे. १९७० च्या दशकात कोणाला थोडी टिंबे सापडली, कोणाला मुळीच नाही. २०११ साली अमेरिकेत असे आढळले, की टिंबे देणारे एक विकर तंतुकणिकेतही जाते, आणि वहीवर टिंबेही दिसतात. मग एकच झुंबड उडाली. हवेचे प्रदूषण, लठ्ठपणा, वार्धक्य अशा कितीतरी गोष्टींशी त्या टिंबांचा संबंध जोडणारे निबंध निघाले. भाचीचे कामही त्याच वाटेवरचे होते.

टिंब डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखण्याची एक युक्ती आहे. आंब्याचा स्क्वॅश टिकावा म्हणून आपण चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतो ना, त्याच गोत्रातले सोडियम बायसल्फाइट इथे वापरतात. डीएनएला ते लावले, की ज्या सी वर टिंब नाही ते सी बदलते आणि वाचताना टी म्हणून वाचले जाते. ज्यावर टिंब आहे ते सी मात्र टिकून राहते. म्हणजे धुवून जे उरले ते टिंबाचे अक्षर. १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ही रीत बसवली आणि मोठ्या ग्रंथाची टिंबे तिने छान वाचता आली.

पण या रीतीला एक अट आहे. दोन्ही धागे सुटे झाले पाहिजेत. तरच औषध प्रत्येक अक्षरापर्यंत पोचते. वही पडली गोल, आणि गोल धागा पिळून पिळून घट्ट झालेला. काही अक्षरांना औषध लागतच नाही. ती न बदलता तशीच राहतात, आणि वाचणाऱ्याला वाटते, यांच्यावर टिंब आहे! पिळलेले लुगडे पाण्यात बुचकळले आणि घडीतला डाग तसाच राहिला, तर तो रंग पक्का आहे असे म्हणावे, तसला प्रकार. २०१७ साली कोपनहेगनच्या मंडळींनी हे दाखवून दिले. बांगडी आधी एका जागी कापायची, धागा सरळ करायचा, मग औषध लावायचे. तसे केले, की बहुतेक टिंबे नाहीशी होतात. त्यात आणखी एक गुंता आहे: फार पूर्वी वहीतले काही उतारे मोठ्या ग्रंथात नकलून ठेवले गेले आहेत, आणि वाचताना तेच वहीची पाने म्हणून हाती येऊ शकतात.

"हे तुला ठाऊक नव्हतं?" मी विचारले.

"वाचलं होतं गं. पण आपल्या हातून तसं झालं नसेल, असं प्रत्येकाला वाटतं ना! आकडे इतके छान येत होते. मग एकदा नुसतं खात्रीसाठी म्हणून बांगडी कापून पुन्हा केलं. सगळं पुसलं गेलं."

वहीवर टिंबे अगदीच नाहीत, असे सगळे मानतात असे नाही. दुसऱ्या अक्षरांवर किंवा दुसऱ्या जागी ती असतील, असे म्हणणारेही आहेत. पण भाचीला आता वाटते, की त्या वहीला टिंबांची फारशी गरजच नसावी. पाने मिटण्याची सोय लागते ती मोठ्या ग्रंथाला. सदतीस जनुकांच्या वहीत मिटून ठेवण्यासारखे पान कुठले?

"मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. पुढच्या महिन्यात परिषदेत हेच वाचणार होते. आता तिथं जाऊन कसं चुकलं ते सांगणार आहे. सरांनी चष्मा पुसला आणि 'बरं झालं, आत्ता कळलं' एवढंच म्हणाले. पण मावशी, रात्री झोप येत नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्या माणसासारखे काहीबाही बोलले. मग तिने त्या हरवलेल्या एका अक्षराची गोष्ट सांगितली.

ही वही पहिल्यांदा संपूर्ण वाचली गेली १९८१ साली, केंब्रिजमध्ये, फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत. सँगर म्हणजे रसायनशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवलेले गृहस्थ. त्यांच्या मंडळींनी १६,५६९ अक्षरे छापली आणि जगभरच्या लोकांनी त्या क्रमांकांवर आपापले काम रचले. १९९९ साली तोच मूळ नमुना काढून पुन्हा वाचला गेला. तेव्हा दहा ठिकाणी चुकीचे अक्षर सापडले, आणि एका ठिकाणी एक सी चुकून दोनदा लिहिला गेला होता असे दिसले. म्हणजे खरी संख्या १६,५६८. आता काय करावे? ते अक्षर गाळले, तर पुढचे सगळे क्रमांक एकाने घसरणार आणि अठरा वर्षांतले सगळे संदर्भ चुकणार. तेव्हा त्यांनी क्रमांक ३१०७ ची जागा तशीच ठेवली आणि तिथे कोणतेच अक्षर लिहिले नाही. आजही ती जागा तशीच रिकामी आहे. जो कोणी वही उघडतो, त्याला दिसते, की इथे चूक झाली होती.

भाची झोपायला गेली. मला मात्र झोप येईना.

वाचकहो, आता माझ्या टिंबाविषयी. आमच्या घरी माझ्या पणजीच्या हातची ओव्यांची वही आहे. पणजीकडून ती आजीकडे आली, आजीकडून आईकडे. एम.ए. करताना त्या वहीवर मी एक लेख लिहिला होता. पहिल्या पानावर पणजीने लिहिले आहे, 'दळतांना म्हणतें त्या ओव्या'. 'म्हणतें' यावरचे टिंब दाखवून मी लिहिले, की हे 'मी म्हणतें' असे आहे. म्हणजे ओव्या पणजीच्याच. लेखाचे कौतुक झाले. आमच्या घरात पणजी कवयित्री ठरली. आईने ही गोष्ट साऱ्या नात्यागोत्यात, हळदीकुंकवात, अगदी भाजीवालीलाही सांगितली.

तो लेख मी लिहिला होता झेरॉक्सवरून. आठ वर्षांपूर्वी घर बदलताना मूळ वही हातात आली. पान उजेडाकडे धरले, तर टिंबाच्या नेमक्या मागे, उलट बाजूस, शाईचा एक टपोरा थेंब. तोच पाझरून पुढे आला होता. झेरॉक्समध्ये टिंब काय आणि डाग काय, दोन्ही सारखेच काळे. टिंब काढले, की उरते 'म्हणते'. म्हणजे दुसरी कोणीतरी. मी पान मिटले आणि वही आईच्या कपाटात ठेवून दिली. आठ वर्षांत कोणाला बोलले नाही. आईला वाईट वाटेल, असे मी स्वतःला सांगत आले. खरे कारण तेच होते की दुसरे, ते माझे मला ठाऊक.

सकाळी चहा झाल्यावर मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. उठून कपाटातून वही आणली, पान खिडकीशी धरले, चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले. भाची दारात उभी होती.

"त्यांच्याकडे दळायला एक बाई यायची," आई सावकाश म्हणाली. "आई सांगायची. गळा फार गोड होता म्हणे. नाव सांगितलं नाही कधी. की सांगितलं असेल, आणि मीच विसरले."

मग तिने वही माझ्यापुढे केली. "लिही इथं. पण माझ्या आजीच्या अक्षरावर काही गिरवू नकोस. खाली लिही, पेन्सिलीनं."

मी लिहिले: 'वरचे टिंब हा शाईचा डाग आहे. ओव्या म्हणणारी बाई दुसरी. तिचे नाव' आणि पुढे बोटभर जागा मोकळी सोडली. भाचीने ते वाचले आणि मुकाट्याने चिवड्याचे खोबरे परतायला घेतले.

तो लेख ज्या नियतकालिकात आला, ते केव्हाच बंद पडले. म्हणून ही दुरुस्ती इथे देते आहे. माझा तो लेख कोणी वाचला असेल, तर त्यांनी कृपया एक टिंब कमी वाचावे. आणि जुन्या घरात, कोणाच्या आजीच्या तोंडून, दळायला येणाऱ्या गोड गळ्याच्या बाईचे नाव ऐकले असेल, तर मला कळवावे. वहीत जागा ठेवली आहे.